पंखावरची नावे : १९३२ मधील एका देशव्यापी उड्डाणाचा अभ्यास

प्रास्ताविक

विमानविद्येच्या इतिहासाचा विषय निघाला की शालेय पुस्तकांत दोन प्रसंग हमखास येतात. १९०३ साली राइट बंधूंनी किटी हॉक येथे केलेले पहिले उड्डाण आणि १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग यांनी एकट्याने पार केलेला अटलांटिक महासागर. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले उड्डाण मात्र आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. १९३२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत जेम्स हर्मन बॅनिंग आणि थॉमस ॲलन या दोन कृष्णवर्णीय तरुणांनी एका जुन्या, लहान विमानातून लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क असा, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचा प्रवास पूर्ण केला. अमेरिका अशा रीतीने आडवी ओलांडणारे ते पहिले कृष्णवर्णीय वैमानिक होत.

केवळ वेग पाहिला तर या उड्डाणाला विक्रम म्हणता येणार नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेलिया इअरहार्ट यांनी लॉस एंजेलिसहून निघून कोठेही न थांबता सुमारे १९ तासांत पूर्व किनारा गाठला होता. बॅनिंग आणि ॲलन यांना २१ दिवस लागले. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने या उड्डाणाचा अभ्यास करावा, असे मला वाटते. त्याची कारणे तीन प्रश्नांत सामावलेली आहेत. हे दोघे उडायला शिकले कसे? त्यांच्या विमानात इंधन कोणी भरले? आणि एवढे करून दाखविल्यावर त्यांना काय मिळाले?

लहान विमानातून देश ओलांडणे

आज विमानात बसणाऱ्या प्रवाशाला खालच्या भूमीची फारशी जाणीव नसते. १९३२ च्या लहान विमानाची गोष्ट निराळी होती. बॅनिंग आणि ॲलन यांचे विमान अलेक्झांडर ईगलरॉक या जातीचे होते. पंखांचे दोन थर एकावर एक, सांगाड्यावर ताणून बसविलेले कापड, एकच इंजिन आणि बसण्याच्या दोन उघड्या जागा अशी त्याची रचना. डोक्यावर छत नाही. ऊन, वारा, पाऊस आणि इंजिनाचा आवाज हे सर्व थेट अंगावर घ्यावयाचे. जमिनीवरील माणसाशी बोलण्यासाठी रेडिओ नाही.

अशा विमानाच्या टाकीत काही तास पुरेल एवढेच इंधन मावत असे. त्यामुळे देश ओलांडणे म्हणजे एक मोठी उडी नसून अनेक लहान टप्प्यांची साखळी होती. प्रत्येक टप्प्याचे गणित वैमानिकाला स्वतः मांडावे लागे. समजा, विमानाचा वेग ताशी १२० किलोमीटर आहे आणि पुढचा तळ ३६० किलोमीटरवर आहे. वारा पडलेला असेल तर तीन तास लागतील. परंतु समोरून ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ९० वर येतो आणि तेच अंतर तोडायला चार तास लागतात. टाकीत साडेतीन तासांचे इंधन असेल तर चौथ्या तासाला विमान कोठे तरी शेतात उतरवावे लागेल. आमच्या शाळेतील मुलांना वेग, वेळ आणि अंतर यांची उदाहरणे कंटाळवाणी वाटतात. त्या वैमानिकांच्या दृष्टीने तो जगण्यामरण्याचा हिशेब होता.

दिशेसाठी होकायंत्र होते. पण त्याहून अधिक भरवसा खालच्या खुणांवर असे. रेल्वेचे रूळ, नद्या, मोठे रस्ते, गावातील पाण्याच्या टाक्या पाहत वैमानिक पुढे जात. ढग खाली आले की या खुणा दिसेनाशा होत. देशाच्या पश्चिम भागात पर्वतांची आणखी अडचण होती. उंचावरील आणि तापलेली हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची शक्ती घटते आणि जमीन सोडण्यापूर्वी अधिक लांब धाव घ्यावी लागते. म्हणूनच कमी शक्तीची विमाने रॉकी पर्वताची उंच शिखरे टाळून ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सास यांच्या दक्षिणेकडील वाटेने जात.

हा प्रवास विमानाने प्रथम केला तो कॅलब्रेथ रॉजर्स यांनी, १९११ साली. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे गेले. त्यांना पासाडेना गाठण्यास ४९ दिवस लागले. वाटेत त्यांचे विमान अनेकदा कोसळले. परंतु त्यांच्या मागोमाग एक खास आगगाडी चालत होती. तिच्यात सुटे भाग होते, कारागीर होते आणि कुटुंबातील माणसेही होती. द्राक्षाच्या चवीचे एक शीतपेय विकणाऱ्या कंपनीने हा खर्च उचलला होता आणि त्या पेयाचेच नाव विमानाला दिले होते. रॉजर्स यांचे धैर्य वादातीत आहे. बॅनिंग आणि ॲलन यांच्या मागे मात्र आगगाडी नव्हती. दोघांच्या खिशांत मिळून जेमतेम २५ डॉलर होते, असे सांगितले जाते. तो काळ महामंदीचा होता.

बंद दारे

त्या काळी अमेरिकेतील बहुतेक उड्डाणशाळा कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नसत. बेसी कोलमन यांची हकीकत या दृष्टीने मार्गदर्शक आहे. टेक्सासमधील एका गरीब कुटुंबात १८९२ साली जन्मलेल्या बेसी शिकागो येथे केशकर्तनालयात लोकांची नखे नीट करण्याचे काम करीत. अमेरिकेत कोणी शिकवेना, म्हणून त्यांनी फ्रेंच भाषा शिकून घेतली, पैसा जमविला आणि त्या फ्रान्सला गेल्या. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट ॲबट यांनी त्यांना उत्तेजन दिले. १५ जून १९२१ रोजी त्यांना आंतरराष्ट्रीय वैमानिक परवाना मिळाला. मायदेशी परतल्यावर त्या हवाई कसरती करीत. एके ठिकाणी कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय प्रेक्षकांसाठी वेगवेगळी प्रवेशद्वारे ठेवण्याचा आयोजकांचा बेत होता. सर्वांना एकाच द्वारातून आत घेतल्याशिवाय उडणार नाही, असे त्यांनी बजावले आणि तसे करून घेतले. कृष्णवर्णीयांसाठी स्वतःची उड्डाणशाळा काढण्याचे त्यांचे स्वप्न होते. ३० एप्रिल १९२६ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे सरावाच्या उड्डाणात विमानातून फेकल्या गेल्याने त्यांचा मृत्यू झाला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९२५ साली, अमेरिकी सेनेच्या युद्ध महाविद्यालयाने एक अहवाल तयार केला होता. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने आणि धैर्याने उपजतच कमी असतो, असा त्याचा सूर होता. या अहवालाचे स्वरूप लक्षात घ्यावे. आधी शाळेचे दार बंद करावयाचे, मग शाळेत तो दिसत नाही हे त्याच्या अपात्रतेचे प्रमाण मानावयाचे आणि अखेरीस या प्रमाणाला शास्त्राची प्रतिष्ठा द्यावयाची. जन्मावरून पात्रता ठरविणाऱ्या सर्व व्यवस्थांची युक्ती अशीच असते. आपल्या वाचकांना ती समजावून सांगण्याची गरज नाही.

बॅनिंग यांचा जन्म ओक्लाहोमातील. आयोवा राज्यातील एम्स येथे त्यांनी काही काळ विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पुढे मोटारदुरुस्तीचे दुकान चालविले. उड्डाणशाळांनी त्यांना नाकारले. तेव्हा डे मॉइन येथील एका सेनाधिकाऱ्याने त्यांना खासगी रीतीने शिकविले. संघराज्य सरकारचा वैमानिक परवाना मिळविणाऱ्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी ते एक होत. १९२९ च्या सुमारास ते लॉस एंजेलिसला गेले. तेथे विल्यम पॉवेल यांनी बेसी कोलमन यांच्या नावाने एक विमान मंडळ स्थापन केले होते. त्या मंडळाचे बॅनिंग प्रमुख वैमानिक झाले. बेसींची शाळा त्यांच्या हयातीत उभी राहिली नाही. परंतु मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत त्यांच्या नावाखाली माणसे एकत्र येऊन शिकू लागली होती. बॅनिंग यांचे सहकारी ॲलन हे पंचविशीतले. ते वैमानिक तर होतेच, शिवाय इंजिनाचे जाणकार कारागीर होते. जुन्या विमानातून निघालेल्या प्रवासात अशा कारागिराचे मोल वैमानिकाइतकेच असते.

पंखावरची नावे

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोघे लॉस एंजेलिसहून निघाले. इंधन विकत घेण्याची ऐपत नसल्याने त्यांनी एक युक्ती योजली. वाटेत जो कोणी जेवण देईल, इंधन देईल, रात्रीचा निवारा देईल किंवा चार पैसे देईल, त्याने विमानाच्या पंखावर आपले नाव लिहावे. पंखाच्या या भागाला त्यांनी ‘सुवर्णग्रंथ’ असे नाव दिले होते. देणाऱ्याचे नाव विमानाबरोबर न्यूयॉर्कपर्यंत उडत जाणार होते. स्वतःला त्यांनी गमतीने ‘उडते भटके’ म्हणवून घेतले. कामाच्या शोधात मालगाड्यांवर चढून गावोगाव हिंडणाऱ्या बेकारांना त्या काळी अमेरिकेत भटके म्हणत.

या युक्तीचा अर्थ नीट पाहावयास हवा. कृष्णवर्णीय प्रवाशाला त्या काळी पुष्कळ ठिकाणी हॉटेलात खोली किंवा भोजनगृहात ताट मिळत नसे. त्यामुळे मुक्कामासाठी आपल्या समाजाच्या वस्तीत जाणे क्रमप्राप्त होते. वस्तीतील माणसेही मंदीने पिचलेली. ज्याच्या घरी चूल जेमतेम पेटते, त्याने दोन पाहुण्यांना जेवू घालावे आणि मोबदल्यात पंखावर नाव लिहावे, हा साधा व्यवहार नव्हता. आयुष्यात कधी विमानात बसण्याची शक्यता नसलेली माणसे त्या उड्डाणाची भागीदार होत होती. ज्या समाजाला उडता येणार नाही असे विद्वानांनी लिहून ठेवले होते, त्याच समाजाने पदरमोड करून हे विमान पुढच्या तळापर्यंत पोहोचविले.

पिट्सबर्ग येथे त्यांना आणखी एक मार्ग सापडला. ते वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचे होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या प्रचाराची हजारो पत्रके पेन्सिल्व्हेनियातील गावांवर आकाशातून टाकावयाची आणि त्या बदल्यात उरलेल्या प्रवासाचा खर्च घ्यावयाचा, असे ठरले. अशा रीतीने टप्पा टप्पा करीत ९ ऑक्टोबर १९३२ रोजी दोघे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील व्हॅली स्ट्रीम येथे उतरले. सुमारे ३,३०० मैल, म्हणजे ५,३०० किलोमीटर अंतर त्यांनी तोडले होते. प्रत्यक्ष हवेत घालविलेला वेळ ४१ तास २७ मिनिटे. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी सुमारे १२८ किलोमीटर येतो. म्हणजे हवेत असताना विमान आपल्या परीने नीटच चालले होते. २१ दिवसांतील उरलेला वेळ इंजिनाच्या दुरुस्तीत आणि इंधनाची, पैशांची जमवाजमव करण्यात गेला. गरिबाच्या प्रवासाला लागणारा वेळ नेहमी असाच मोजावा लागतो. तो संथ असतो असे नव्हे. त्याला प्रत्येक ठिकाणी थांबून पुढची सोय स्वतः करावी लागते.

प्रवासानंतर

एवढे झाल्यावर बॅनिंग यांच्या पात्रतेविषयी कोणाला शंका राहू नये, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात काय घडले?

५ फेब्रुवारी १९३३ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ कॅम्प कर्नी येथे एक हवाई प्रदर्शन होते. बॅनिंग तेथे उडणार होते. परंतु तेथील एका उड्डाणशिक्षकाने त्यांच्या हाती विमान देण्यास नकार दिला. या माणसाला विमान चालविता येते, हे त्याला मान्य नव्हते. तेव्हा नौदलातील एका कर्मचाऱ्याने चालविलेल्या दोन आसनी विमानात बॅनिंग प्रवासी म्हणून बसले. वर चढताना विमानाची उचल संपली, ते गिरक्या घेत कोसळले आणि बॅनिंग यांचा मृत्यू झाला. देश ओलांडून चार महिनेही झाले नव्हते.

त्यांच्या पुढ्यात सुकाणू असते तर ते वाचले असते, असे इतिहासकाराने म्हणू नये. ते सिद्ध करता येणार नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, ५,३०० किलोमीटरचा पुरावा त्या मैदानावर विमान मिळविण्यास पुरेसा ठरला नाही. मुलांना आपण सांगत असतो, ‘तुम्ही कर्तृत्व दाखवा, म्हणजे लोक आपोआप मान देतील.’ हे वाक्य अर्धे खरे आहे. उच्च शिक्षण घेऊन मोठ्या हुद्द्यांवर गेलेल्या आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांना प्रत्येक नव्या कार्यालयात आपली गुणवत्ता पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागली आहे. त्यांना बॅनिंग यांची ही हकीकत परकी वाटणार नाही.

दार उघडले ते कशामुळे?

मग बॅनिंग यांचे उड्डाण व्यर्थ गेले काय? पुढील पंधरा वर्षांचा इतिहास पाहिला तर तसे म्हणता येत नाही. १७ जुलै १९३३ रोजी अटलांटिक सिटी येथील वैद्य डॉ. अल्बर्ट फोर्साइथ आणि वैमानिक आल्फ्रेड अँडरसन हे एका लहान फेअरचाइल्ड विमानातून निघाले, लॉस एंजेलिसला पोहोचले आणि २८ जुलैला परत आले. जाऊन-येऊन देश ओलांडणारे हे पहिले कृष्णवर्णीय वैमानिक. त्यांच्याजवळही रेडिओ नव्हता, हवाई छत्र्या नव्हत्या, रात्री उतरण्यासाठी दिवे नव्हते. अँडरसन यांना कोणी शिकविण्यास तयार नव्हते, तेव्हा त्यांनी बचत आणि उसनवारी करून आधी विमानच विकत घेतले होते.

मे १९३९ मध्ये चॉन्सी स्पेन्सर आणि डेल व्हाइट हे दोघे एका भाड्याच्या जुन्या विमानातून शिकागोहून राजधानी वॉशिंग्टनकडे निघाले. वाटेत ओहायोत इंजिनाचा दांडा तुटला आणि शेतात उतरावे लागले. तरी ते राजधानीत पोहोचले. या उड्डाणामागे कृष्णवर्णीय वैमानिकांची राष्ट्रीय संघटना उभी होती आणि हेतूही स्पष्ट होता. सरकार सुरू करीत असलेल्या नागरी वैमानिक प्रशिक्षणात आपल्या मुलांना स्थान मिळाले पाहिजे, ही मागणी कायदेमंडळातील सदस्यांपुढे मांडावयाची होती. तेथे त्यांची भेट मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन यांच्याशी झाली. असले विमान घेऊन ही माणसे इतक्या दुरून आली, याचे ट्रुमन यांना मोठे नवल वाटले. त्याच वर्षीच्या प्रशिक्षणविषयक कायद्यात वंश, धर्म वा वर्ण यांवरून कोणालाही लाभ नाकारू नये, अशी तरतूद झाली.

या तरतुदीतून टस्कीगी संस्थेत वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. तेथील प्रमुख प्रशिक्षक होते आल्फ्रेड अँडरसन. मार्च १९४१ मध्ये अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट या टस्कीगीला आल्या असता अँडरसन यांनी त्यांना आपल्या विमानातून फिरवून आणले. त्याचे छायाचित्र देशभर गाजले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टस्कीगीतून सुमारे १,००० कृष्णवर्णीय लष्करी वैमानिक तयार झाले आणि १९२५ च्या अहवालाचे उत्तर त्यांनी युद्धभूमीवर दिले. पुढे २६ जुलै १९४८ रोजी सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा आदेश निघाला. त्यावर स्वाक्षरी करणारे अध्यक्ष होते हॅरी ट्रुमन.

एका उड्डाणाने हा बदल घडला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. वृत्तपत्रे, संघटना, न्यायालये, कामगारांचे लढे आणि महायुद्धाची निकड हे सर्व त्यामागे होते. परंतु क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रथम व्यक्तीचे कर्तृत्व, मग मंडळ आणि संघटना, त्यानंतर कायद्यातील एक ओळ आणि त्या ओळीच्या आधाराने हजार विद्यार्थी. बॅनिंग यांना दरवेळी स्वतःला सिद्ध करावे लागले. टस्कीगीच्या विद्यार्थ्याच्या हाती कायद्याने दिलेला हक्क होता. पहिल्या पायरीवर समाज थांबला असता, तर त्याच्या वाट्याला एका वीराची आठवण तेवढी आली असती.

त्याच दिवसांतील आपला देश

एका देशाच्या इतिहासाची तारीख दुसऱ्या देशाच्या तारखेशेजारी ठेवली की दोन्हींवर प्रकाश पडतो. बॅनिंग आणि ॲलन पूर्वेकडे जात होते, त्याच दिवसांत, २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा कारागृहात महात्मा गांधींचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबरला पुणे करारावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना स्वाक्षरी करावी लागली. आपला प्रतिनिधी आपण निवडावा की नाही, हा प्रश्न येथे होता; सुकाणू आपल्या हाती असावे की नाही, हा तेथे. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी लहानशा पस मॉथ विमानातून कराचीहून टपाल मुंबईत जुहूला आणले आणि भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ झाला. त्यांचे कर्तृत्व मोठे आहेच. साधने आणि संधी हाताशी असली म्हणजे कर्तृत्वाला किती लवकर संस्थेचे रूप येते, हेही त्यावरून कळते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांचे हार्लेम तेथून जवळच आहे. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने केल्या जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली होती. दुसऱ्या देशातील पीडितांचा लढा अभ्यासाचा विषय मानावा, ही दृष्टी त्यांनीच आपल्याला दिलेली आहे.

बोध

या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर देणगीदारांची यादी असते. वाचणारे बहुधा स्वतःचे नाव शोधतात आणि पान उलटतात. माझी विनंती आहे की, यंदा ती यादी सावकाश वाचावी. कोणी एका वर्षाचा शिधा दिलेला असतो, कोणी एका मुलीच्या पुस्तकांचा खर्च, कोणी पहिल्या पगारातील थोडी रक्कम. बॅनिंग यांच्या पंखावर नाव लिहिणाऱ्यांनी संपूर्ण प्रवासाचे इंधन दिले नव्हते. प्रत्येकाने पुढच्या गावापर्यंत पुरेल एवढे दिले. वसतिगृहातील मुलगा किंवा मुलगी दहावीहून बारावीला, बारावीहून पदवीला पोहोचते ती अशाच टप्प्यांनी, आणि शिक्षण मध्येच सुटते तेही बहुधा दोन टप्प्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. तेथे कोणी तरी उभे असले पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. आपण आपले अंतर तोडले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मागून येणाऱ्याला पुन्हा तोच पुरावा पहिल्यापासून द्यावा लागू नये, यासाठी आपल्या हुद्द्याचा, कायद्याच्या ज्ञानाचा आणि संघटनेचा उपयोग करणे हे आपले पुढचे काम आहे. पालकांनीही मुलांना राइट बंधू आणि लिंडबर्ग अवश्य सांगावेत; त्यांच्याबरोबर बेसी कोलमन, जेम्स बॅनिंग आणि थॉमस ॲलन हीही नावे सांगावीत. आणि हे उड्डाण कोणाचे, असे मुलाने विचारले, तर त्या दोघांच्या नावांपाशी न थांबता पंखावर नावे लिहिणाऱ्यांचीही गोष्ट त्याला सांगावी.